शून्य नंबरचे कपडे

मला लोकांच्या घामाची किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी विचारायला नको की मग लॉन्ड्रीवाल्याच्या घरात लग्न केलंस कशाला. केलं, कारण मुलगा सरळ होता आणि त्याच्या अंगाला साबणाचा वास यायचा. साबणाच्या आधी त्या दुकानात काय काय येतं, ते लग्नानंतर कळलं.

कॉलरीवरचे काळे तेलकट पट्टे. बगलेत कडक झालेलं कापड. खिशात विसरलेले रुमाल, जे ओढले तरी सुटत नाहीत. लॉजवरून येणाऱ्या चादरींबद्दल तर मी बोलणारच नाही. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला काउंटरवर बसवलं आणि मी दुकानामागच्या गटारावर वाकून सकाळचं सगळं बाहेर काढलं. मोठ्या दिरांना हसू आवरेना. त्या दिवसापासून घरात माझं नाव पडलं, नाकवाली.

तेव्हा थोरली मध्ये पडली. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. बुटकी, रुंद, बाह्या कायम कोपराच्या वर सरकवलेल्या आणि उजव्या हाताची दोन बोटं शाईने निळी. ती म्हणाली, "मळके मी बघते. ही धुतलेले बघेल." संपला विषय. ती पुढे काउंटरवर, मी मागे बांधणीच्या टेबलाशी. तिच्या वाट्याला जगाची घाण आणि माझ्या वाट्याला इस्त्रीच्या घड्या, कागद आणि दोरा. वाटणी माझ्या इतकी सोयीची होती की मी त्यावर कधी ब्र काढला नाही.

थोरलीचं काम नीट समजून घ्या, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. कपडा आला की ती खिसे उलटे करते, डाग बघते आणि आतल्या बाजूला न जाणाऱ्या शाईने खूण करते. गिऱ्हाइकाचा नंबर, आणि कुठल्या खेपेला धुवायचा त्याचं अक्षर. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरीवर शाई बाहेरून दिसते, म्हणून तिथे बाहीच्या आत, दुमडीवर. खूण केल्याशिवाय आमच्याकडे कपडा पाण्याला लागत नाही, हा सासऱ्यांच्या वेळचा शिरस्ता. थोरलीचा हात आता डोळ्यांना विचारतही नाही. ती कोणाशी तरी भांडत असते आणि हात आपली खूण करून मोकळा होतो. घरच्या माणसांचे कपडेही त्याच मशीनमध्ये जातात. त्यांची पावती फाडायची नसते, म्हणून घरच्यांचा नंबर शून्य. सासूबाई शून्य, दोघे भाऊ शून्य, थोरली शून्य.

मी तेवढी त्यात नाही. माझे कपडे मी घरी, माझ्या बादलीत, माझ्या हाताने धुते आणि माझ्याच दोरीवर वाळत घालते. परक्या माणसाच्या मोज्यांबरोबर माझा शर्ट पाण्यात गरगरणार या कल्पनेनेच मला मळमळतं. यावरून घरात माझी यथेच्छ टिंगल होते. होऊ दे.

तर एकदा काय झालं, एका गिऱ्हाइकाचा कोट दिरांनी इस्त्रीखाली जाळला. गिऱ्हाईक भांडकुदळ, त्याने थेट ग्राहक कोर्टात खेचलं. आमच्या बाजूने जो वकील उभा राहिला त्याच्या खांद्यांवर कोंडा पडलेला, आणि कोट सुती की लोकरी हेसुद्धा त्याला ठाऊक नाही. काहीही विचारलं की "बघून सांगतो". मला तर त्याच्या शेजारी बसवेना. आम्ही हरलो, ते ठीकच झालं, कोट जाळला होताच. पण थोरली तिथून परतली ती काहीतरी मनात घेऊनच. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर म्हणाली, "मला वकील व्हायचंय."

दिरांना ठसका लागला. सासूबाई म्हणाल्या, "आधी पानातलं संपव."

पानातलं संपलं, पण तिच्या डोक्यातलं काही संपेना. चौकशी करून आली. नोकरीधंदा करणाऱ्यांसाठी संध्याकाळचं लॉ कॉलेज आहे, त्याला प्रवेश परीक्षा आहे, आणि वयाची अट अशी की पुढच्या वर्षी थोरली त्यात बसत नाही. म्हणजे काय ते याच वर्षी. कॉलेजला गेलेली ती लग्नाआधी, त्यानंतर वाचलं काय, तर गिऱ्हाइकांच्या तक्रारी. घरात आठ दिवस धुसफूस चालली. दिरांनी अबोला धरला, आणि इस्त्री अशी आपटायला लागले की आणखी एखादा कोट जळतो की काय असं मला वाटलं. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. "एकदाच बस. नंबर लागला तर जा. नाही लागला, तर या घरात तो विषय पुन्हा निघता कामा नये. आणि लागला तर संध्याकाळचं काउंटर कोण बघणार, तेही आत्ताच ठरवा."

ठरवायचं काय होतं त्यात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खोटं कशाला बोलू. त्या क्षणापासून थोरलीचा नंबर लागू नये असं मला मनापासून वाटत होतं. संध्याकाळ म्हणजे ऑफिसं, कारखाने सुटायची वेळ. दिवसभराचा घाम सुकायच्या आतच आमच्या काउंटरवर येऊन पडतो. तिथे मी उभी राहणार, लोकांचे खिसे उलटे करणार. 

तिने क्लास लावला. पहिल्या दिवशी एकटीला जायला तिला कसंतरी वाटत होतं म्हणून मला बरोबर नेलं. खाटकाच्या दुकानावरची खोली. जिन्यातच तो वास. वर बाकं, बाकांवर आमच्या निम्म्या वयाची मुलंमुली, आणि मी बाकाखाली हात घातला तर कोणीतरी चिकटवलेलं च्युइंगम थेट बोटाला. मी ते बोट पूर्ण तास हवेत धरून बसले होते. सर आले. टोकदार बूट, केसांना तेल, आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरी थुंकी जमलेली. पुढच्या बाकावरची मुलं वह्या छातीशी धरून का बसतात ते सरांनी तोंड उघडल्यावर समजलं.

"प्रश्न वाचत बसू नका, पर्याय वाचा," सर म्हणाले. "न्याय, अन्याय, खरंखोटं, हे सगळं घरी ठेवून या. इथे मार्क मिळवायला आलाय तुम्ही." मग त्यांचं लक्ष थोरलीकडे गेलं. "मावशी, तुम्हीपण का? करा करा, प्रयत्न करायला काय जातंय." पोरं फिदीफिदी हसली. थोरलीने वही उघडून तारीख घातली. मला इतका संताप आला की मी त्या च्युइंगमचं बोट त्यांच्या टेबलक्लॉथला पुसून आले.

थोरलीची खरी अडचण अभ्यासाची नव्हतीच, अडचण तिच्या स्वभावाची होती. परीक्षेत एक नियम देतात, खाली एक प्रसंग देतात. नियम लावायचा आणि उत्तर निवडायचं, एवढंच. ही प्रसंगातल्या माणसांशीच भांडायची. भाडेकरूने घरमालकाच्या खोलीला कुलूप घातलं, असा उतारा आला की झालं. "असं कसं घातलं? शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं तरी." नियम पटला नाही तर म्हणायची, "हा नियमच चुकीचा आहे." अहो, असू दे ना चुकीचा. पण नाही. वेळ संपायचा आणि अर्धा पेपर कोरा.

सरावाचे पेपर ती माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर सोडवायची, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. सरांनी सांगितलं होतं की घड्याळाकडे बघू नका, वेळेचा अंदाज अंगात मुरू द्या. म्हणून ती मला म्हणाली, "तुझा शर्टांचा एक गठ्ठा बांधून होईपर्यंत माझा एक उतारा झाला पाहिजे." मी म्हटलं बरं. आणि मुद्दाम भराभर बांधायला लागले. तिला जमू नये म्हणून. घडी, कागद, दोरा, गाठ, झालं. "संपली वेळ, जाऊबाई." ती कपाळाला आठ्या घालायची, पुढचा उतारा घ्यायची. मी आणखी हात चालवायची. दोन-तीन महिन्यांत माझे खांदे भरून आले आणि थोरलीचा वेग असा वाढला की माझी गाठ पडायच्या आधी तिची पेन्सिल खाली. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड कशी मारून घेतात ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्र बघून यायचं, असं सरांचंच सांगणं. गेलो दोघी. एका शाळेत होतं. वर्ग बघितला, जिना बघितला, आणि थोरली म्हणाली, बाथरूम कुठे आहे तेही बघून ठेवू. ते फाटकाच्या बाहेरच, भिंतीला लागून होतं. मी दारातूनच परत फिरले. दाराला कडी नाही. फरशीवर कसलं तरी पाणी, भिंतीवर नको ते लिहिलेलं, बेसिनमध्ये केसांचा पुंजका, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला बजावलं, "उद्या घरून जाऊन या. इथे पाय ठेवायचा नाही. मी तर मेले तरी ठेवणार नाही."

नियम कडक होते. घड्याळ नको, धातूचं काही नको, अर्ध्या बाह्या, साधे कपडे, अंगावर किंवा वस्तूंवर काहीही लिहिलेलं नको. थोरलीने त्यासाठी मुद्दाम नवे कपडे घेतले होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि करड्या रंगाची इलॅस्टिकची पँट. पट्ट्याला बक्कल असतं म्हणून पट्टाच नको. दुपारी घरी येऊन तिने मला ते दाखवले. मी शर्ट नाकाशी नेला आणि झटकन खाली ठेवला.

"हे धुतल्याशिवाय घालू नका," मी म्हटलं. "दुकानात किती जणांनी अंगात घालून बघितलं असेल देव जाणे. बगलेला वास येतोय."

हो, मीच म्हटलं. आणि आजही म्हणेन. न धुतलेला नवा कपडा कोणी अंगात घालू नये.

थोरली हसली, कपडे घेऊन दुकानात गेली. संध्याकाळपर्यंत ते धुऊन, इस्त्री होऊन हँगरवर लागले होते. इस्त्री दिरांनीच केली होती, न बोलता. बाहीची कड अशी होती की हात लावला तर कापेल. सासूबाईंनीसुद्धा जाता येता एकदा त्या शर्टाकडे पाहिलं.

सकाळी मी तिच्याबरोबर निघाले. दिरांना दुकान, आमच्या ह्यांना गाडीवर माल पोचवायचा. मी माझा रोजचाच अर्ध्या बाह्यांचा फिका निळा शर्ट आणि सैल, नाडीची काळी पँट घातली होती. शाळेच्या फाटकाशी ही गर्दी. आया पोरांच्या तोंडात घास कोंबतायत, बाप शेवटचं काहीबाही सांगतायत, एक मुलगा भिंतीकडे तोंड करून ओकत होता आणि त्याचा बाप त्याच्या पाठीवर थापट्या मारत "काही नाही, काही नाही" म्हणत होता. मी तोंडावर रुमाल धरला. थोरली शांत होती. तिने माझ्या हातात पर्स दिली आणि बायकांच्या रांगेत उभी राहिली. मी रांगेसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर.

तपासणीला एक बाई होत्या. हातात रबरी मोजे, तेही सकाळपासून तेच असावेत. प्रत्येकीची कॉलर, खिसे, बाह्या उलटून बघत होत्या. थोरलीची उजवी बाही उलटली आणि त्या थांबल्या.

"हे काय?"

मला जागेवरूनही दिसलं. निळ्या शाईत, स्पष्ट, छापल्यासारखं. शून्य, पुढे रेघ, पुढे अक्षर. थोरलीच्या चेहऱ्यावरून रंग उतरला. तिला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

"कपड्यावर काही लिहिलेलं चालत नाही, वाचलं नाही का? कोणी लिहिलं हे?"

आता कोणीही शहाणी बाई काय म्हणेल? माहीत नाही म्हणेल. दुकानातून असंच आलं म्हणेल.

"मी," थोरली म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. ही वकील होणार होती.

"तुम्ही लिहिलंत? मुद्दाम?"

"मुद्दाम नाही. पण अक्षर माझंच आहे. आमची लॉन्ड्री आहे. धुवायच्या आधी खूण करतात. हात गेला असेल."

"अहो जाऊबाई," मी दोरीवरून म्हटलं, "निदान थोडं तरी खोटं बोला." तपासणीवाल्या बाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी पँटची कंबर उलटली. तिथेही शून्य. मागच्या मुली माना लांब करून बघायला लागल्या. एक दुसरीला म्हणाली, "या वयात कॉपी करतात बघ." तिच्या दातांत सकाळचा नाश्ता अडकलेला होता, ते मी अजून विसरले नाही.

थोरलीने बाहीची दुमड दातांत धरून शिवण उसवायला घेतली. बाई म्हणाल्या, "फाडू नका, फाटलेलंही चालत नाही. दुसरे कपडे असतील तर बदलून या. नसतील तर मी आत सोडू शकत नाही. फाटक बंद व्हायला आता फार वेळ नाही."

कुठून आणणार दुसरे? घरी जाऊन यायचं तर पेपर अर्धा होतो. आणि घरी तिचे जितके कपडे, तितके शून्य.

मला काय वाटलं ते सांगते. सुटले, असं वाटलं. काउंटर टळलं. मी काही केलं नाही, मी काही बोलले नाही, आपोआप झालं. आणि त्याच वेळी थोरली रांगेतून बाहेर आली, माझ्या हातातून पर्स घेतली आणि म्हणाली, "चल. दुपारच्या खेपेचा माल तरी लावून होईल."

रडली असती तर मी तिची समजूत घातली असती. त्या बाईशी भांडली असती तर मीही दोन शब्द बोलले असते. पण ती माल लावायला निघाली. त्या उताऱ्यातल्या कुठल्याशा भाडेकरूसाठी माझ्या टेबलावर मुठी आपटणारी बाई, स्वतःची वेळ आली तर मुकाट्याने माल लावायला निघाली. आयुष्यात मला इतक्या घाणीची किळस आली असेल, पण तिच्या त्या "चल"ची जशी आली तशी कशाचीच नाही.

"माझे कपडे घाला," मी म्हटलं.

"तुझे?"

"माझ्या कपड्यांना शून्य नाही. चला लवकर, माझा विचार बदलेल."

आणि मी त्या बाथरूममध्ये गेले. तिथेच, कडी नसलेल्या दाराआड, त्या पाण्यात उभी राहून. एका पायावर पँट काढायची आणि दुसरा पाय कुठे टेकू नये म्हणून धडपडायचं. एकदा टेकला. त्याबद्दल मला बोलायचं नाही. थोरली दाराला पाठ लावून माझा शर्ट अंगात कोंबत होती. मी काडी, ती रुंद, बटणं छातीवर ताणली गेली. आणि मग तिचा शर्ट माझ्या हातात आला. गरम. पाठीवर ओला. भीतीच्या घामाचा वास वेगळा असतो, आंबट, हे मला त्या दिवशी कळलं आणि कळलं नसतं तरी चाललं असतं. मी श्वास धरला आणि तो अंगात घातला. ओली कॉलर मानेला चिकटली. पोटातलं घशाशी आलं, ते मी गिळलं.

"तुला जमेल ना?" थोरलीने विचारलं.

"नाही जमत. जा."

तपासणीवाल्या बाईंनी माझा निळा शर्ट आतून, बाहेरून, कंबरेपासून कॉलरीपर्यंत पाहिला. काही नव्हतं. कुठून असणार. "या," त्या म्हणाल्या. थोरली आत गेली आणि तिच्या मागे फाटक लागलं.

मग मी फाटकाबाहेरच्या पायरीवर बसले. तिची पँट मला दोन माणसांची होत होती, इलॅस्टिक नुसतं नावाला. पेपर संपेपर्यंत मी कंबर मुठीत धरून बसले होते. एका बाजूला कोणाचे तरी वडील ढेकर देत होते, दुसऱ्या बाजूला एक बाई पायातल्या चपला काढून टाचा खाजवत होती. ऊन चढलं तसा पाठीवरचा तिचा घाम सुकला आणि त्यावर माझा आला. मला स्वतःचीच किळस यायला लागली. माशी बसली ती हाकलायला हात उचलला तेव्हा बाही उलटली आणि ती खूण माझ्या डोळ्यांसमोर आली.

शून्य.

तिचंच सुबक अक्षर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा या बाईने स्वतःसाठी म्हणून काही घेतलं, आणि पाण्यात टाकायच्या आधी स्वतःच्या हाताने त्याच्यावर काय लिहिलं, तर शून्य. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी हात धरला नव्हता. असले शेकडो शून्य माझ्या टेबलावरून गेले, कागदात गुंडाळून, दोरा बांधून. तेव्हा नुसता आकडा वाटायचा. आता तो माझ्या दंडाला चिकटला होता आणि मला तो ओरबाडून काढावासा वाटत होता. थुंकी लावून घासलासुद्धा, मी, स्वतःची थुंकी. आमची शाई. जाते कसली.

पेपर सुटला. थोरली बाहेर आली, माझ्या शर्टाचं मधलं बटण तुटलेलं. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "सगळे उतारे झाले. एकाशीही भांडले नाही." मग बटणाची जागा चिमटीत धरून, "तुझा शर्ट खराब केला मी. धुऊन देते."

"तो आता तुमचाच," मी म्हटलं. "मी काही तो अंगाला लावणार नाही." हे मी मनापासून म्हटलं होतं, प्रेमाने वगैरे नाही.

घरी गेल्यावर मी न्हाणीघरात शिरले ती सासूबाईंनी दार वाजवेपर्यंत बाहेर आले नाही. तोवर थोरलीने कपडे बदलले होते. दिरांनी तिला विचारलं ते एवढंच, "इस्त्री राहिली का नीट?" ती म्हणाली, "राहिली." मी आतून ओरडणार होते, पण तोंडात साबण होता.

निकाल लागला आणि थोरलीचा नंबर लागला. क्लासच्या सरांनी तिचा फोटो खाटकाच्या दुकानाबाहेर लावला, खाली स्वतःचं नाव मोठं आणि तिचं बारीक. मी तो येता जाता बघते आणि दर वेळी मला तिथे काहीतरी फेकावंसं वाटतं.

आता रोज संध्याकाळी मी काउंटरवर असते. चिमट्याने कपडे उचलते, गिऱ्हाइकं हसतात. खिसे उलटे करताना तोंड फिरवून घेते. सवय होते असं जे लोक सांगतात ते खोटं सांगतात. मला रोज तितकीच किळस येते.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात थोरली संध्याकाळी निघताना काउंटरशी थांबली. आतल्या बाजूने न येता, रस्त्याकडून. हातात तोच पांढरा शर्ट, चार दिवस अंगात घातलेला. "हा टाकतेस?" म्हणाली. मी चिमट्याने धरला, बाही उलटली. जुन्या शून्याची शाई होतीच. पेन उघडलं, आणि माझा हात आपोआप त्या शून्यावर पुन्हा शून्य गिरवायला गेला. इतक्या थोड्या दिवसांत माझाही हात तसा झाला होता.

मी थांबले. शून्यावर आडवी रेघ मारली. शेजारी नव्या गिऱ्हाइकाचा पुढचा नंबर घातला आणि त्याच नंबरची पावती फाडून तिच्यासमोर ठेवली.

सासूबाई मागे खुर्चीत बसल्या होत्या. "हे काय गं? सून कधीपासून गिऱ्हाईक झाली?"

थोरलीने पावती उचलली. पुढून वाचली, उलटी करून मागचा बारीक मजकूरही वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. घडी घालून पुस्तकात ठेवली.

"शनिवारी हवाय," ती मला म्हणाली. "उशीर झाला तर तक्रार करीन."

"करा," मी म्हटलं, आणि पुढच्या माणसाचे मोजे चिमट्याने उचलले.